क्यूसीए: १८ देशांचा तोच डेटा, एकीकडे एक उत्तर आणि दुसरीकडे पाच. फरक कुठे पडतोय?

कृष्णाकाठ (प्रश्न)

पीएचडीसाठी क्वालिटेटिव्ह कम्पॅरेटिव्ह ॲनालिसिस, म्हणजे क्यूसीए (घटकांच्या कोणत्या जुळणीतून एखादी निष्पत्ती येते हे केसेसची तुलना करून शोधणारी पद्धत), वापरायचं ठरलं आहे. स्वतःच्या डेटाला हात लावण्याआधी आर या संगणकभाषेच्या क्यूसीए पॅकेजसोबत येणाऱ्या लिपसेट डेटावर सराव चालू आहे. दोन महायुद्धांच्या मधला युरोप, १८ देश, आणि निष्पत्ती एकच: लोकशाही टिकली की कोसळली. कच्च्या आकड्यांवरून ०-१ कोडिंग असं केलं आहे:

विकास: दरडोई उत्पन्न ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर १
शहरी: शहरी लोकसंख्या ५० टक्के किंवा जास्त
साक्षर: साक्षरता ७५ टक्के किंवा जास्त
उद्योग: औद्योगिक कामगार ३० टक्के किंवा जास्त
स्थैर्य: त्या काळात दहापेक्षा कमी मंत्रिमंडळं आली असतील तर १

एकच सीएसव्ही फाइल एफएसक्यूसीए (खास क्यूसीएचं सॉफ्टवेअर) आणि आर दोन्हींना दिली. कॉन्झर्व्हेटिव्ह उत्तर (फक्त प्रत्यक्ष केस असलेल्या जुळण्यांवरून काढलेलं) दोन्हीकडे सारखं आलं. पार्सिमोनियसच्या (केस नसलेल्या जुळण्याही वापरून सर्वात आटोपशीर केलेल्या उत्तराच्या) वेळी मात्र एफएसक्यूसीएने प्राइम इम्प्लिकंट (आणखी लहान न होणारं पद) निवडायची खिडकी उघडली. तिथे खुणा केल्यावर ‘विकास\*स्थैर्य + शहरी\*स्थैर्य’ (\* म्हणजे ‘आणि’, + म्हणजे ‘किंवा’) असं एकच उत्तर मिळालं. आर मात्र एम१ ते एम५ अशी पाच मॉडेल्स दाखवतं. त्यात भर म्हणजे पॅकेजमधली तयार ०-१ फाइल (एलसी) चालवली तर फक्त ‘विकास\*स्थैर्य’ येतं.

खरं उत्तर कोणतं? प्रबंधासाठी कोणतं सॉफ्टवेअर धरावं? आणि पार्सिमोनियस इतकं सुटसुटीत मिळत असताना सगळे इंटरमिजिएट (या दोन्हींच्या मधलं) उत्तर का मागतात? पुढचा अभ्यास महाराष्ट्रातल्या ग्रामीण नळपाणी योजना का टिकतात यावर आहे, ३६ जिल्हे घ्यायचा विचार आहे, घटक सध्या आठ.

---

सत्यसारणी

सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही. दोन्ही प्रोग्रॅम एकच गोष्ट सांगताहेत, फक्त एक तुम्हाला निवडायला लावतो आणि दुसरा सगळे पर्याय समोर मांडतो. फरकाचं मूळ ६०० च्या रेषेत आहे. एलसी फाइलमध्ये ही रेषा ५५० वर आहे.

कच्च्या डेटात (एलआर फाइल) तीन देशांच्या ओळी बघा. चेकोस्लोव्हाकिया ५८६ डॉलर, फिनलंड ५९०, एस्टोनिया ४६८. रेषा ६०० वर ठेवली की फिनलंडचा विकास ० होतो. मग फिनलंडची ओळ अशी बनते: विकास ०, शहरी ० (२२ टक्के), साक्षर १ (९९.१), उद्योग ० (२२), स्थैर्य १ (९ मंत्रिमंडळं). एस्टोनियाची ओळ हुबेहूब हीच आहे. फिनलंडमध्ये लोकशाही टिकली, एस्टोनियात नाही. म्हणजे ट्रुथ टेबलच्या (घटकांच्या सगळ्या शक्य जुळण्यांच्या कोष्टकाच्या) एका ओळीत दोन देश, दोन उलट निष्पत्त्या, कन्सिस्टन्सी (ओळीतल्या किती केसेसमध्ये निष्पत्ती दिसते ते प्रमाण) ०.५. एफएसक्यूसीएचा ठरलेला कट-ऑफ ०.८ आणि आरचा १, दोन्ही या ओळीला ० देतात. फिनलंड तुमच्या उत्तरातून नाहीसा होतो आणि कुठलीही खिडकी तसं सांगत नाही. आरमध्ये इन्क्ल.कटला (कन्सिस्टन्सीच्या कट-ऑफला) एकाऐवजी दोन आकडे द्या, उदाहरणार्थ १ आणि ०.४. मधल्या पट्ट्यातल्या ओळीपुढे ० ऐवजी ‘सी’ छापून येईल, म्हणजे विरोधाभास डोळ्यांना दिसेल. शो.केसेस हा पर्याय चालू ठेवा, कोणत्या ओळीत कोण आहे हे नावानिशी समजतं.

आता पाच मॉडेल्स का, ते हातानेच काढता येतं. ६०० च्या रेषेवर चेकोस्लोव्हाकियाची ओळ ०११११ होते (क्रम वर तुम्ही दिला तोच). या एका देशाला झाकायला चार प्राइम इम्प्लिकंट सारखेच पात्र ठरतात (~ म्हणजे ‘नसणं’): ~विकास\*शहरी, ~विकास\*उद्योग, शहरी\*स्थैर्य, उद्योग\*स्थैर्य. बाकी सगळ्या सकारात्मक ओळी विकास\*स्थैर्य या एकाच पदात बसतात. म्हणून विकास\*स्थैर्य अधिक या चारांपैकी कोणतंही एक, ही झाली चार मॉडेल्स. पाचवं असं: आयर्लंडला विकास\*~उद्योग या पदाने झाकलं तर उरलेले सगळे उद्योग\*स्थैर्यमध्ये येतात. पाचही उत्तरं दोन-दोन पदांची, पाचही डेटाशी तितकीच जुळणारी. एफएसक्यूसीएच्या खिडकीत तुम्ही खुणा केल्या तेव्हा या पाचांतलं एक निवडलं गेलं. त्या निवडीमागे सैद्धांतिक कारण नसेल तर ती छापण्याजोगी नाही. डेटा जितकी मॉडेल्स देतो तितकी सगळी कळवायची, निदान परिशिष्टात. ‘लोकशाही टिकायला शहरीकरण लागलं’ आणि ‘उद्योग लागला’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि इथे डेटा त्यांच्यात निवाडा करू शकत नाही.

५५० वर रेषा आणली की चेकोस्लोव्हाकिया बेल्जियम, नेदरलँड्स, ब्रिटन यांच्या ओळीत जातो आणि फिनलंड आयर्लंडच्या ओळीत. विरोधाभास संपतो. ३२ शक्य ओळींपैकी ९ भरतात, २३ रिकाम्या राहतात:

१११११ बेल्जियम, चेकोस्लोव्हाकिया, नेदरलँड्स, ब्रिटन: टिकली
१०१११ फ्रान्स, स्वीडन: टिकली
१०१०१ फिनलंड, आयर्लंड: टिकली
११११० जर्मनी: कोसळली
१०११० ऑस्ट्रिया: कोसळली
००१०१ एस्टोनिया: कोसळली
००१०० हंगेरी, पोलंड: कोसळली
००००१ इटली, रुमानिया: कोसळली
००००० ग्रीस, पोर्तुगाल, स्पेन: कोसळली

यावरून कॉन्झर्व्हेटिव्ह उत्तर ‘विकास\*~शहरी\*साक्षर\*स्थैर्य + विकास\*साक्षर\*उद्योग\*स्थैर्य’ आणि पार्सिमोनियस ‘विकास\*स्थैर्य’. कागदावर एकदा सोडवून बघाच. हे कोष्टक हाताने सुटलं की सॉफ्टवेअर पुढे जे काही दाखवेल ते वाचता येतं.

पण ५५० ला तरी आधार काय? ‘आकड्यांमधली मोठी फट’ हे कारण इथे चालत नाही. इटली ५१७ आणि चेकोस्लोव्हाकिया ५८६ यांत फट ६९ ची, तर फिनलंड ५९० आणि आयर्लंड ६६२ यांत ७२ ची. फटीवर जायचं तर ६०० ची बाजूच तसूभर वरचढ. विरोधाभास मिटतो म्हणून रेषा हलवली असेल तर तसं स्पष्ट लिहायचं, आणि ती किती सरकवली तर उत्तर बदलतं ते द्यायचं. इथे ते नेमकं सांगता येतं: ५१७ च्या वर आणि ५८६ पर्यंत रेषा कुठेही ठेवा, उत्तर तेच. ५१७ किंवा खाली गेलात की इटली (९ मंत्रिमंडळं, म्हणजे स्थैर्य १) विकसित ठरते आणि विकास\*स्थैर्य मोडतं. ५८६ च्या वर गेलात की चेकोस्लोव्हाकिया सुटतो आणि पाच मॉडेल्स परत येतात.

स्थैर्याची रेषा याहून नाजूक आहे. फिनलंड ९, ऑस्ट्रिया १०. दहा मंत्रिमंडळांनाही ‘स्थिर’ म्हटलं तर ऑस्ट्रिया थेट फ्रान्स आणि स्वीडनच्या ओळीत जाऊन बसतो आणि तिथे विरोधाभास उभा राहतो. नऊला ‘अस्थिर’ म्हटलं तर फिनलंड विकास\*स्थैर्यच्या बाहेर पडतो. सगळा निष्कर्ष एका मंत्रिमंडळाच्या फरकावर उभा आहे, आणि हे वाचकाला कळलंच पाहिजे. ही तपासणी सेटमेथड्स पॅकेजमध्ये आपोआप करता येते. कॅलिब्रेशन (कच्च्या आकड्याचं सदस्यत्वात रूपांतर), कन्सिस्टन्सी कट-ऑफ आणि केससंख्येचा कट-ऑफ, तिन्हींसाठी ‘रॉब’ने सुरू होणारी वेगवेगळी फंक्शन्स आहेत.

---

तळटीप

सॉफ्टवेअर कोणतं, याबद्दल.

प्रबंधासाठी आर. कारण एकच आणि पुरेसं: स्क्रिप्ट उरते. एफएसक्यूसीएमध्ये डिलीट अँड कोडमध्ये (कट-ऑफवरून ओळींना ०-१ देणाऱ्या पायरीत) कोणते आकडे टाकले, इम्प्लिकंट कोणते निवडले, कोणत्या ओळी हाताने बदलल्या, यांचा माग राहत नाही. दोन वर्षांनी परीक्षकाने विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. तरीही एफएसक्यूसीए लावून ठेवा. ते चार्ल्स रेगिन यांच्या गटाचं आहे, फुकट आहे, आणि पहिल्या समजुतीसाठी आणि उलटतपासणीसाठी चांगलं आहे. आरमध्ये कमांड लिहायची भीती वाटत असेल तर एड्रियान दुशा यांच्या क्यूसीए पॅकेजमध्येच रनजीयूआय आहे, ब्राउझरमध्ये मेनू उघडतो आणि प्रत्येक क्लिकची कमांडही दाखवतो.

टॉस्माना बहुमूल्य घटकांसाठी (०, १, २) सोयीचं आहे, पण आर तेही करतं. सीएनए पॅकेज वेगळ्या तर्कावर चालतं, ते क्यूसीएचा पर्याय म्हणून नव्हे तर स्वतंत्र पद्धत म्हणून शिका. एनव्हिवो आणि ॲटलास.टीआय मुलाखतींचं कोडिंग करतात, ट्रुथ टेबल नाही. ग्रंथालयात त्यांचं लायसन्स आहे म्हणून कुणी सुचवलं तर गोंधळू नका.

फाइल देताना होणारे घोळ:

एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असं सेव्ह केलं की फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण बसते आणि आरमध्ये पहिल्या स्तंभाचं नाव विचित्र अक्षरांनी सुरू होतं. रीड.सीएसव्हीमध्ये फाइलएन्कोडिंग ‘यूटीएफ-८-बीओएम’ द्या. स्तंभांची नावं रोमन अक्षरांत, छोटी, मोकळी जागा न सोडता, अक्षराने सुरू होणारी. देवनागरी नावं अहवालात वापरा, डेटात नको.

जुन्या ट्युटोरियलमध्ये ईक्यूएमसीसी नावाचं फंक्शन दिसेल. त्याची जागा आता मिनिमाइझने घेतली आहे. चूक तुमच्या संगणकात शोधत बसू नका.

ट्रुथटेबल फंक्शनचा कन्सिस्टन्सी कट-ऑफ तुम्ही दिला नाही तर १ धरला जातो. ०-१ डेटात ते खपतं. फझी डेटात मात्र जवळपास सगळ्या ओळी ० होतात आणि ‘काहीच उत्तर येत नाही’ अशी तक्रार सुरू होते. कट-ऑफ स्वतः लिहा.

---

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. ५५० आणि ६०० दोन्ही हाताने सोडवले, पाचही मॉडेल्स तशीच आली.

आता फझीकडे (नुसत्या ०-१ ऐवजी ० ते १ मधलं सदस्यत्व) वळतेय. तीन बिंदू देऊन कॅलिब्रेट केलं: विकासासाठी ४००, ५५० आणि ९००. एफएसक्यूसीएमध्ये एस्टोनिया ०.१६ येतो, आरमध्ये ०.१७. आणि स्थैर्य आरमध्ये पूर्ण उलटं आलं, पोलंड (२१ मंत्रिमंडळं) सर्वात स्थिर!

---

सत्यसारणी

आधी उलटलेलं स्थैर्य. दोन्हीकडे बिंदूंचा क्रम वेगळा आहे. एफएसक्यूसीएचं कॅलिब्रेट पूर्ण सदस्यत्व, मध्यबिंदू, पूर्ण बाहेर या क्रमाने आकडे घेतं, म्हणजे स्थैर्यासाठी ५, ९.५, १५. आरमध्ये नुसते आकडे दिले तर क्रम उलटा धरला जातो: बाहेर, मध्य, आत. त्यामुळे ५, ९.५, १५ तसेच उतरवले की ‘जास्त मंत्रिमंडळं म्हणजे जास्त सदस्यत्व’ असा संच तयार होतो. आरमध्ये कधीही नुसते आकडे देऊ नका. ई बरोबर १५, सी बरोबर ९.५, आय बरोबर ५ अशी अक्षरं लावून द्या. ई म्हणजे बाहेर, सी म्हणजे मध्य, आय म्हणजे आत. मग ऑस्ट्रिया (१०) ०.४३ च्या आसपास आणि फिनलंड (९) ०.५८ च्या आसपास यायला हवा. कॅलिब्रेट केल्यावर सर्वात मोठी आणि सर्वात लहान केस डोळ्यांखालून घालायचीच, प्रत्येक घटकासाठी.

मध्यबिंदू ९.५ आहे, १० नाही, हेही लक्षात घ्या. मंत्रिमंडळं पूर्ण संख्येतच मोजली जातात, त्यामुळे ९.५ वर एकही देश पडत नाही. मध्यबिंदू १० ठेवला असता तर ऑस्ट्रिया आणि ग्रीस नेमके ०.५ वर आले असते. ०.५ सदस्यत्वाची केस ट्रुथ टेबलच्या कुठल्याच ओळीची नसते. आर त्याबद्दल हटकतं, एफएसक्यूसीए ती केस ओळींच्या मोजणीतून गुपचूप वगळतं. ओळींतल्या केसेसची बेरीज १८ होते का, हे बघणं हा सर्वात सोपा उपाय. काही जण ०.५ ला ०.००१ मिळवून ०.५०१ करतात. चालतं, पण त्या केसला कोणत्या बाजूला ढकललं ते लिहा. सगळ्यात बरं म्हणजे मध्यबिंदूच अशा ठिकाणी घेणं जिथे केस नाही, आणि त्याला विषयातलं कारण असणं.

०.१६ आणि ०.१७ चा फरक सूत्रातला आहे. रेगिन यांच्या पद्धतीत पूर्ण सदस्यत्वाचा बिंदू म्हणजे लॉग-ऑड्स (सदस्यत्व भागिले १ वजा सदस्यत्व, त्याचा लॉग) +३, बाहेरचा −३. आरमध्ये सदस्यत्व नेमकं ०.९५ धरतात, त्याचे लॉग-ऑड्स २.९४४. एस्टोनियाचं गणित: ४६८ − ५५० = −८२. मध्यापासून बाहेरच्या बिंदूपर्यंतचं अंतर १५०. −८२ गुणिले ३ भागिले १५० = −१.६४, म्हणजे सदस्यत्व ०.१६२. तिथेच ३ च्या जागी २.९४४ घातले तर −१.६०९, म्हणजे ०.१६७. फिनलंड ०.५८५ आणि ०.५८३. ०.५ च्या कुठल्या बाजूला, हे बदलत नाही, म्हणून ट्रुथ टेबलच्या ओळीही बदलत नाहीत. कन्सिस्टन्सी मात्र किंचित हलते. एखादी ओळ कट-ऑफला अगदी चिकटून असेल तरच निकाल पालटेल, आणि मग त्या ओळीवर तुम्ही विसंबायलाच नको. दोन्हीकडे तंतोतंत जुळवायचं असेल तर आरमध्ये आयडीएम (पूर्ण सदस्यत्वाच्या बिंदूचं मूल्य) ०.९५२६ ठेवा.

फझीत आणखी एक गोष्ट, आणि हिच्यामुळे छापून आलेली विश्लेषणंही फसतात. नुसती कन्सिस्टन्सी बघून ओळ १ ठरवू नका, पीआरआय (प्रपोर्शनल रिडक्शन इन इन्कन्सिस्टन्सी) बघा. चार केसेसचं छोटं उदाहरण घ्या. एका ओळीतलं त्यांचं सदस्यत्व ०.३, ०.२, ०.४, ०.६. निष्पत्तीतलं सदस्यत्व ०.६, ०.४, ०.५, ०.५५. दोन्हींतला लहान आकडा घेऊन बेरीज १.४५, ओळीची बेरीज १.५, कन्सिस्टन्सी ०.९७. उत्तम वाटतं. आता निष्पत्तीचा नकार घ्या: ०.४, ०.६, ०.५, ०.४५. लहान आकड्यांची बेरीज १.३५, कन्सिस्टन्सी ०.९०. म्हणजे तीच ओळ ‘टिकली’लाही पुरेशी आणि ‘कोसळली’लाही! पीआरआय हा दुहेरी भाग वजा करतो: (१.४५ − १.३५) भागिले (१.५ − १.३५) = ०.६७, आणि नकारासाठी ०. एफएसक्यूसीएच्या टेबलमध्ये पीआरआयचा स्तंभ असतो, आरमध्ये पीआरआय.कट देता येतो. ०.५ च्या खालचा पीआरआय असलेली ओळ १ म्हणून ठेवू नये.

---

समासातून

इंटरमिजिएट का, हा मूळ प्रश्न राहिलाच.

पार्सिमोनियस उत्तर सुटसुटीत होतं ते रिकाम्या ओळींच्या जिवावर. वरच्या ५५० च्या कोष्टकात विकास १ आणि स्थैर्य १ अशा एकूण आठ ओळी शक्य आहेत. त्यांतल्या तीन भरलेल्या (१११११, १०१११, १०१०१). उरलेल्या पाच ओळींत एकही देश नाही: १०००१, १००११, ११००१, ११०११, १११०१. ‘विकास\*स्थैर्य’ म्हणताना तुम्ही या पाचही ओळींबद्दल ‘इथे लोकशाही टिकली असती’ असं ठरवून टाकता. पाचांतल्या चार ओळींत साक्षरता शून्य आहे. विकसित, स्थिर, पण निरक्षर देशात लोकशाही टिकली असती असं तुम्ही लिहून द्याल का? बहुतेक नाही. सॉफ्टवेअरने ते तुमच्या वतीने लिहून दिलेलं असतं.

शिवाय या डेटात साक्षरता आवश्यक अट आहे: टिकलेल्या आठही देशांत ती १ आहे. आवश्यकतेची कन्सिस्टन्सी १, कव्हरेज ८/१३ म्हणजे ०.६२ (साक्षर देश १३, त्यांतले टिकलेले ८). विकासाचं कव्हरेज ८/१०, स्थैर्याचं ८/११. साक्षरता आवश्यक आहे असं एका प्रकरणात म्हणायचं आणि पुढच्या प्रकरणात निरक्षर ओळी ‘टिकली’ म्हणून वापरायच्या, हे एकमेकांना छेद देणारं आहे. म्हणून आवश्यक अटींचं विश्लेषण आधी करायचं, पुरेशा अटींचं नंतर. क्रम उलटा झाला की ही विसंगती नजरेतून निसटते.

आरमध्ये पायऱ्या अशा. ट्रुथ टेबल तयार झाल्यावर फाइंडरोज फंक्शनला ‘~साक्षर’ ही अभिव्यक्ती द्या, ते त्या रिकाम्या ओळींचे क्रमांक परत देतं. ते क्रमांक मिनिमाइझमध्ये एक्स्क्लूड म्हणून द्या आणि इन्क्लूडमध्ये प्रश्नचिन्ह ठेवा. चार ओळी बाद होतात, फक्त १११०१ उरते, आणि उत्तर येतं ‘विकास\*साक्षर\*स्थैर्य’. याला सुधारित पार्सिमोनियस म्हणतात.

इंटरमिजिएटसाठी डिर.एक्सपमध्ये (अपेक्षित दिशेत) पाचही घटकांना १ द्या, म्हणजे ‘हा घटक असणं लोकशाहीला पोषक’ असं. इथेही उत्तर ‘विकास\*साक्षर\*स्थैर्य’च येतं. आधाराला एकच रिकामी ओळ घेतली जाते, तीच १११०१: फिनलंड आणि आयर्लंड शहरीकरण नसताना टिकले, तर शहरीकरण असतं तर टिकलेच असते, हा तर्क. तो बहुतेकांना पटेल. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर येणं ही या डेटाची चांगली बाजू. प्रत्येक डेटात तसं होत नाही.

दिशा देताना सांभाळा. एखाद्या घटकाबद्दल सिद्धांत काही सांगत नसेल तर १ ठोकून देऊ नका. एफएसक्यूसीएच्या स्टँडर्ड ॲनालिसिसमध्ये ‘असो वा नसो’ हा पर्याय आहे, तो घ्या. आरमध्ये त्या जागी रेघ द्यायची. प्रत्येक १ साठी प्रबंधात निदान एक वाक्य कारण हवं.

आणि कोसळण्याचं विश्लेषण वेगळं चालवा. टिकण्याचं उत्तर उलटं करून ते मिळत नाही. इथे त्याचं कॉन्झर्व्हेटिव्ह उत्तर ‘~विकास\*~शहरी\*~उद्योग + विकास\*साक्षर\*उद्योग\*~स्थैर्य’ आहे. दुसऱ्या पदात जर्मनी आणि ऑस्ट्रिया आहेत, पहिल्यात बाकीचे आठ. हे दोन मार्ग वेगळे आहेत हेच क्यूसीएचं खरं देणं, रिग्रेशनमध्ये ते एका सरासरीत विरघळून गेलं असतं.

---

पाणवठा

तुमच्या नळपाणीच्या अभ्यासाबद्दल, कारण तिथे आतापासून दुरुस्ती करता येईल.

आठ घटक म्हणजे २५६ ओळी. ३६ जिल्ह्यांनी त्यांतल्या जास्तीत जास्त ३६ भरतील, किमान २२० रिकाम्या. एवढ्या रिकाम्या जागेत सॉफ्टवेअर जवळपास कुठलंही उत्तर बसवू शकतं, विरोधाभासही दिसत नाहीत, आणि सगळं फार छान जुळल्यासारखं वाटतं. घटक चार, फार तर पाच ठेवा. एकमेकांच्या जवळचे घटक एकत्र करा: ‘पाणीपट्टी नियमित’ आणि ‘पंपाचं वीजबिल थकलेलं नाही’ हे दोन्ही ‘योजनेचा खर्च गावातून निघतो’ या एका संचात ‘आणि’ने जोडता येतात. फझीत ‘आणि’ म्हणजे दोन्हींतला लहान आकडा.

विषय ग्रामीण असेल तर ३६ नव्हे, ३४ जिल्हे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगरात जिल्हा परिषद नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून २०११ च्या जनगणनेत तो नाही. एनएफएचएस-४ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी) ही २०११ च्या ६४० जिल्ह्यांवर बेतलेली होती, तिथेही ठाण्याच्या आकड्यात पालघर मिसळलेला आहे. एनएफएचएस-५ मध्ये ७०७ जिल्हे आहेत आणि पालघर वेगळा. दोन्ही स्रोत शेजारी ठेवले की ठाण्याच्या ओळीत दोन वेगळ्या प्रदेशांचे आकडे बसतात. एकतर दोन्ही जिल्हे सगळीकडे एकत्र धरा, नाहीतर जुने स्रोत सोडा.

पण माझं ठाम मत, केस म्हणून जिल्हा घेऊच नका. योजना टिकते किंवा बंद पडते ती गावात. जिल्ह्याची सरासरी घेतली की चालू आणि बंद योजना एकाच आकड्यात जातात, आणि क्यूसीएला ज्या ओळखीच्या केसेस लागतात त्याच हरवतात. दोन-तीन तालुक्यांतल्या २० ते ३० योजना, प्रत्येकीची फाइल, ग्रामसेवक, पंप चालवणारा माणूस आणि पाणी समितीशी बोलणं, हे याला जास्त साजेसं आहे. निम्म्या टिकलेल्या, निम्म्या बंद पडलेल्या घ्या. फक्त यशस्वी योजना गोळा केल्या तर ट्रुथ टेबलमध्ये ० च नसेल आणि विश्लेषणच होणार नाही. प्रादेशिक योजनेवरची गावं आणि स्वतंत्र विहिरीवरची गावं एकाच टेबलात घालायची असतील तर तो फरक एक घटक म्हणून आला पाहिजे.

कॅलिब्रेशनला बाहेरचा आधार हवा, नमुन्याची सरासरी किंवा मध्यक नको. सरासरी घेतली तर सगळ्याच योजना वाईट असतानाही निम्म्या ‘चांगल्या’ ठरतात. पाण्याच्या प्रमाणासाठी आधार तयार आहे: जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर, त्याआधीचा ग्रामीण निकष ४० लिटर. ५५ ला पूर्ण सदस्यत्व आणि ४० ला मध्यबिंदू धरता येईल. पण इथे वर सांगितलेला ०.५ चा सापळा नेमका लागेल. जुन्या योजनांची आखणीच ४० लिटरवर झालेली आहे, त्यामुळे कागदावर ४० असलेल्या योजना पुष्कळ सापडतील आणि त्या सगळ्या ०.५ वर अडकतील. मध्यबिंदू ३९.५ करा आणि ‘जुना निकष पुरा करणारी योजना आतच’ असं कारण द्या, किंवा ४०.५ करून उलट कारण द्या. दोन्ही चालवून बघा. आणि आखणीचा आकडा घेऊ नका, प्रत्यक्ष मिळणारं पाणी मोजा: टाकीची क्षमता, दिवसातून किती वेळा भरते, उन्हाळ्यात किती दिवसाआड पाणी सुटतं. मे महिन्याचा आकडा आणि नोव्हेंबरचा आकडा एकाच स्तंभात मिसळला तर पुढचं सगळं कॅलिब्रेशन वाया जातं.

---

कृष्णाकाठ

योजना हीच केस घेते, घटक पाचवर आणते. एक शंका: मुलाखतींतून मिळणाऱ्या घटकाला, उदाहरणार्थ ‘पाणी समिती खरोखर काम करते’, तीन बिंदूंचं सूत्र कसं लावायचं? आकडाच नाही.

---

समासातून

सूत्र लावायचं नाही. चार पायऱ्या ठरवा: ०, ०.३३, ०.६७, १. प्रत्येक पायरीची व्याख्या मुलाखती वाचण्याआधी लिहा. उदाहरणार्थ १ म्हणजे वर्षभरात नियमित बैठका, लिहिलेला जमाखर्च आणि दुरुस्तीचा निर्णय समितीनेच घेतलेला. ०.६७ म्हणजे यांतल्या दोन गोष्टी. ०.३३ म्हणजे समिती कागदावर आहे आणि एखादाच निर्णय तिच्या नावावर सापडतो. ० म्हणजे सदस्यांनाच आपण सदस्य असल्याचं माहीत नाही. ०.५ मुद्दाम ठेवलेला नाही, ०.३३ आणि ०.६७ च्या मधली रेषा तुम्हाला ओलांडावीच लागते. दोघांनी वेगवेगळं कोडिंग करून जिथे ही मधली रेषा ओलांडणारा फरक पडतो तेवढ्या केसेसवर चर्चा करा. ०.६७ की १ हा फरक कन्सिस्टन्सी थोडी हलवतो, ०.३३ की ०.६७ हा फरक गाव दुसऱ्याच ओळीत नेतो. असे आकडे कॅलिब्रेट फंक्शनमधून पुन्हा काढू नका, आधीच सदस्यत्व असलेला स्तंभ सूत्रातून गेला की बिघडतो. थेट सीएसव्हीत टाका आणि पायऱ्यांच्या व्याख्या परिशिष्टात द्या.